रखवालदार किती, ते मोजा!

दोस्तांनो, खाऊचे पैसे साठवून तुम्ही कॉम्प्युटरसाठी एक छानसा गेम घेतलात. आता खेळायचं, म्हणून माऊसनं टिचकी मारलीत, तर उघडली भलतीच खिडकी! "आधी नाव सांगा, पासवर्ड सांगा." ते सांगावं, तर "थांबा, मला अपडेट होऊ द्या." गेमच्या दारावरच्या या रखवालदाराला म्हणतात लाँचर.

हा आला कुठून? व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनं 2003 मध्ये 'स्टीम' सुरू केलं. 2004 मध्ये त्यांचा 'हाफ-लाइफ 2' आला. दुकानातून डिस्क आणली, तरी स्टीमवर खातं उघडल्याशिवाय तो सुरूच होईना! पुढे युबिसॉफ्ट, ईए, रॉकस्टार यांनीही आपापले लाँचर काढले. त्यामुळे काही गेम स्टीमवर घेतले, तरी आत कंपनीचा दुसरा लाँचर उभाच. वाड्याच्या दारात एक रखवालदार, खोलीच्या दारात दुसरा!

लाँचर अगदीच निरुपयोगी नाही बरं का. तो गेममधल्या दुरुस्त्या आपोआप आणतो, चोरट्या प्रतींना आळा घालतो. पण एक लक्षात घ्या. कॅरमबोर्ड आणला की तो आपला झाला. इथे मात्र आपल्याला मिळते ती खेळण्याची परवानगी, आणि तिची किल्ली असते लाँचरकडे. बेथेस्डा कंपनीनं 2022 मध्ये आपला लाँचर बंद केला. गेम स्टीमवर हलवायची सोय दिली खरी, पण हलवायची खटपट खेळणाऱ्यांच्याच गळ्यात पडली.

मग करायचं काय? गेम घेण्याआधी त्याची माहिती नीट वाचा. दुसऱ्या कंपनीचं खातं लागणार असेल, तर स्टीमवर तशी सूचना असते. सुट्टीत गावी जाणार असाल, तर घरी नेट असतानाच गेम एकदा चालवून पाहा आणि स्टीम 'ऑफलाइन मोड'वर ठेवा. बरेच गेम मग नेटशिवाय चालतात. कॉम्प्युटर लावताच लाँचर आपोआप सुरू होत असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद करा. 'जीओजी' नावाच्या दुकानातून घेतलेला गेम उतरवून स्वतःजवळ जपता येतो. तिथे लाँचर वापरायचा की नाही, हे तुम्हीच ठरवायचं.

आणि आई-बाबा, खातं उघडताना शेजारी बसा बरं. प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. किल्ली हरवली, तर पैसे मोजूनही गेम दाराआडच राहायचा!