बंदराची जमीन विकू नका

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत सुमारे १८०० एकर जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले, कंटेनरची वाहतूक खाडीपलीकडे गेली आणि इकडची गोदामे ओस पडू लागली. २०१८ मध्ये बंदराला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, त्याच वर्षअखेरीस या जमिनीच्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि २०२४ मध्ये शिवडीतून निघणारा अटल सेतू खुला झाला. गर्दीने गुदमरलेल्या शहरात या जमिनीवर नव्या वस्त्या उभ्या राहायलाच हव्यात. मात्र सेतू उभा राहिला तो सार्वजनिक खर्चाने, आणि त्यामुळे जमिनीचे मोल जे वाढले, त्यावर पहिला हक्कही जनतेचाच आहे. म्हणून ही जमीन विकू नये. मालकी सार्वजनिक ठेवून ती अटींसह भाडेपट्ट्याने द्यावी.

हा आग्रह धरायला गिरणगावचा धडा पुरेसा आहे. १९८२ च्या संपानंतर कापडगिरण्या बसल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीची मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक अशी स्थूलमानाने तीन हिश्श्यांत वाटणी ठरवली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती उरली. गिरण्यांच्या बहुतेक जमिनीवर बांधकामेच उभी होती, त्यामुळे शहराचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रोखू पाहिली, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. एका दुरुस्तीने शहराच्या पदरचे किती काढून घेतले, हे लालबाग-परळच्या टोलेजंग इमारतींकडे पाहिले की कळते. तिथे बरीचशी जमीन निदान खासगी मालकांच्या हातात होती. बंदराची जमीन मुळातच सार्वजनिक आहे. ती गमावली तर दोष द्यायला दुसरे कोणी उरणार नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला पैशाचा : बंदरावर निवृत्तिवेतनाचा मोठा बोजा आहे, तो विक्रीशिवाय कसा फिटणार? पण निवृत्तिवेतन हे पुढची कित्येक वर्षे दरमहा द्यायचे देणे आहे. त्याला दरवर्षी येणारे भाडेच आधार देऊ शकते. विक्रीची रक्कम एकदा संपली की जमीनही गेलेली आणि देणेही कायम. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाडेपट्टे फसल्याचा अनुभव याच बंदराच्या गाठीशी आहे. जुन्या भाड्यांचा वाद २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तथापि दोष पट्टेपद्धतीचा नव्हता, वेळच्या वेळी भाडे न वाढवण्याचा होता. ठरावीक मुदतीने भाड्याची फेरआकारणी करण्याचे कलम करारातच घातले, तर तो वाद पुन्हा उभा राहणार नाही. तिसरा आक्षेप असा की, अटी घातल्या तर विकासक फिरकणार नाहीत. जर्मनीतील हॅम्बर्गने जुन्या बंदराच्या जागी हाफेनसिटी वसवताना आधी जमिनीचा ताबा महापालिकेच्या कंपनीकडे ठेवला. भूखंड देताना केवळ बोलीचा आकडा न पाहता प्रकल्पाचा दर्जा तोलला, आणि पुढे घरांचा मोठा हिस्सा अनुदानित ठेवण्याचे धोरण घेतले. तरीही बांधणारे आलेच. फरक एवढाच की हॅम्बर्गने भूखंड विकले. मुंबईने अटी तशाच ठेवून विक्रीऐवजी पट्टा द्यावा.

घरे कुठे बांधायची, यालाही नियम हवा. दारूखान्यात दीर्घकाळ जहाजे फोडली गेली. या धंद्यात तेल, जड धातू आणि अॅस्बेस्टॉस मातीत मुरतात. मातीची तपासणी आणि शुद्धीकरण झाल्याशिवाय तिथे एकाही इमारतीला परवानगी मिळता कामा नये. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुलला प्रकल्पग्रस्तांना नेऊन बसवल्याचे परिणाम शहराने पाहिले आहेत. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यांच्यासाठी पर्यायी घर किंवा भाड्याची सोय करण्याचा आदेश द्यावा लागला. शिवडीचा चिखलपट्टा तर फ्लेमिंगोंचाच राहिला पाहिजे आणि भरतीच्या पाण्याला पसरायला जागा मिळाली पाहिजे.

म्हणून केंद्र आणि राज्य सरकारने आराखड्याला अंतिम मंजुरी देण्याआधी एक गोष्ट कायद्यात नोंदवावी : एकूण क्षेत्राचा एक तृतीयांश भाग अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी, एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, आणि त्या घरांत पहिला हक्क कौला बंदर, दारूखाना येथील रहिवासी व गोदी कामगारांचा. हे प्रमाण केवळ रिकाम्या जागेवर नव्हे, तर एकूण क्षेत्रावर मोजावे. गिरण्यांच्या वेळी नेमके तेच निसटले होते. मुंबईच्या लोकप्रतिनिधींनी पक्षभेद बाजूला ठेवून ही अट विधिमंडळात आणि संसदेत आत्ताच मांडावी.