"या दिवसांत असं होतंच"

गरोदर बाईच्या दुखण्याला आपल्याकडे दोनच उत्तरं असतात. एक "पित्त झालं असेल" आणि दुसरं "या दिवसांत असं होतंच". या दोन्ही वाक्यांवर माझा राग आहे. का, ते सांगते.

हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. क्वचित तिचं आतलं अस्तर फाटतं आणि रक्त भिंतीच्या थरांत घुसतं. डॉक्टर याला एओर्टिक डिसेक्शन म्हणतात. हे दुर्मिळ आहे, मान्य. पण गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे हा धोका वाढतो. हृदयालगतचा भाग फाटला तर लगेच शस्त्रक्रिया लागते. तिथे एकेक तास मोलाचा.

आता कुणी म्हणेल, "अहो, ओपीडीत रोज किती बायका पाठ दुखते म्हणून येतात! सगळ्यांचा सीटी स्कॅन करायचा का?" अजिबात नाही. फक्त विचारा: दुखणं एकदम सुरू झालं का? सुरुवातीपासूनच असह्य होतं का? छातीतून पाठीत गेलं का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? मग दोन्ही हातांचं बीपी घ्या. २० पेक्षा जास्त फरक असेल तर धावपळ करा. फरक नसला तरी निश्चिंत होऊ नका. याला कितीसा खर्च येतो?

शंका आली तर स्कॅन कराच. छातीच्या सीटीत बाळापर्यंत साधारण १ मिलिग्रेपेक्षाही कमी किरणं पोचतात. काळजीची पातळी ५० च्या पुढची. आणि हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर जिवावरच बेततं.

जत, आटपाडी, माण, पाटण... प्रत्येक तालुक्याला हृदयाचा सर्जन मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. कराड, मिरज, पुणे गाठता येतं. मात्र केसपेपरवर "पित्त" लिहिलं की ती गाडी बोलावलीच जात नाही!

तेव्हा आत्या, मावश्या, वहिन्यांनो, असं दुखणं दिसलं तर ओवा शोधत बसू नका. दवाखान्यात जा आणि "दोन्ही हातांचं बीपी बघा" म्हणून हट्ट धरा. डॉक्टर चिडले तर चिडू देत.