देवळात जातो, पण कोणाबरोबर?

‘मुलगा देवभीरू आहे, दर मंगळवारी देवळात जातो.’ विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या सामाजिक चौकशी अहवालांत असं वाक्य सद्भावनेनं लिहिलं जातं. बाल न्याय मंडळाला मात्र त्यातून मुलाबद्दल फारसं काही कळत नाही.

समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी आणि रॉडनी स्टार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या रिचमंड परिसरातील शाळकरी मुलांची माहिती तपासून १९६९ मध्ये निष्कर्ष मांडला, तेव्हा अभ्यासक चमकले होते. चर्चला नियमित जाणारी मुलं आणि न जाणारी मुलं यांच्या गैरवर्तनात म्हणावा तसा फरकच दिसला नव्हता. नरकाच्या भीतीनं चोरी थांबत नव्हती. पुढे १९७४ मध्ये बर्केट आणि व्हाइट या अभ्यासकांनी दारू आणि गांजाकडे पाहिलं, तिथे मात्र फरक दिसला. चोरी-मारामारीला घर, शाळा, पोलीस सगळेच वाईट म्हणतात, तिथे धर्म वेगळी भर घालत नाही. व्यसनाकडे आजूबाजूचे काणाडोळा करतात, तिथे धर्माचं बोलणं कानावर पडतं. १९८२ मध्ये खुद्द स्टार्क यांनीच आपलं म्हणणं सुधारलं. मुलाच्या भोवतीचे सोबती श्रद्धाळू असतील तरच त्याची श्रद्धा वागण्यात उतरते, असं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं. बेअर आणि राइट यांनी २००१ मध्ये साठ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा धार्मिकतेचा आळा घालणारा परिणाम आढळला, पण मध्यमच.

आमच्या मते खरं बळ माणसांच्या गोतावळ्यात आहे. म्हणून मुलाला विचारा: दिंडीत तुझ्या शेजारी कोण चालतं? दोन आठवडे गेला नाहीस तर चौकशीला घरी कोण येतं? पेटी शिकवणाऱ्या काकांना तुझी शाळा सुटल्याचं ठाऊक आहे का? उत्तरात एखाद्या मोठ्या माणसाचं नाव आलं, तर पुनर्वसनाच्या आराखड्यात त्याला जागा द्या. नाव आलं नाही, तर मंगळवारच्या फेऱ्या मोजून उपयोग नाही. आणि मुलगा कोणत्या धार्मिक मंडळात जातो, हेही पाहायलाच हवं. धर्माच्या नावानं जमलेल्या गर्दीतही पोरांच्या हाती दगड दिले जातात.

नास्तिक घरातल्या मुलाच्या अहवालात ‘संस्कारांचा अभाव’ असं लिहिणं तर अन्यायच आहे. परिविक्षा अधिकारी आणि समुपदेशक मित्रांनो, पुढच्या अहवालात ‘देवळात जातो’ या वाक्याच्या जागी माणसांची नावं लिहा.