शिवसागराच्या तळाशी

मे महिना संपत आला असताना बामणोलीला गेलो होतो. कोयना धरणाच्या जलाशयाचं, शिवसागराचं, पाणी पार आत गेलेलं. लाँच गाठायला भेगाळलेल्या गाळातून बरंच खाली उतरावं लागलं. वाटेत एक जातं दिसलं, नुसती तळी उरलेली. सोबतचे आजोबा थांबले. वाकून हातानं तिच्यावरचा गाळ पुसला आणि म्हणाले, "आमची आळी हितंच हुती."

दिवाळीचा अंक करायला बसलो की ती तळी डोळ्यांपुढे येते. कारण आपली दिवे लावायची वेळ तीच कोयनेच्या कामाची वेळ. तिन्हीसांजेला विजेची मागणी एकदम चढते. कोळशावरचा संच तापायला वेळ घेतो, पाण्यावरचा काही मिनिटांत फिरू लागतो. महाबळेश्वरी उगवून कराडला कृष्णेला मिळणारी ही नदी. पण तिचं कितीतरी पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे कोसळतं, वीज देतं आणि वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला जातं. १९६० मेगावॉटचा हा प्रकल्प. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर जमीनदोस्त केलं, धरणाला तडे गेले, तरी ते उभं राहिलं. ज्यांनी ते बांधलं आणि सावरलं, त्या अभियंत्यांचा आणि मजुरांचा आम्हांला मनापासून अभिमान आहे.

पण हा अभिमान पुरा होत नाही. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. तोवर कोयनेचं पाणी घरांत शिरून दशकाहून अधिक काळ लोटला होता. माणसं मिळेल तिकडे गेली, कुणी सांगली-सोलापूरकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे. कुणी पाण्याच्या वर डोंगरावर सरकली. साठ वर्षं उलटली, तिसरी पिढी कर्ती झाली आणि अजून कितीतरी खातेदार जमिनीसाठी कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढताहेत. हे उपकाराचं मागणं नाही, थकलेलं देणं आहे. सरकारनं ते आता जमिनीनंच फेडावं, आणि ज्यांच्या डोळ्यांनी ती गावं पाहिली ते हयात असतानाच फेडावं.

यंदाच्या अंकाची पहिली पानं कोयनेच्या धरणग्रस्तांच्या आठवणींना दिली आहेत. कथा-कवितांआधी ती वाचा. तुमच्या घरी, नात्यात कुणी त्या खोऱ्यातलं असेल, तर त्यांच्या गावाचं नाव विचारून आम्हांला जरूर कळवा.