जाहिरातीतले नगरकर

किरण नगरकरांची ओळख करून देताना ‘पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्रात होते’ हे वाक्य आपण घाईघाईने उरकतो. मला तिथेच थांबावंसं वाटतं. मोजक्या शब्दांत माणसाला पकडायचं, हे तिथलं रोजचं काम. ते त्यांच्या कादंबऱ्यांत मला जागोजागी दिसतं.

१९७४ साली ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही कादंबरी आली. तिच्या तुटक, उड्या घेणाऱ्या निवेदनाला मराठी वाचक सरावलेला नव्हता. ‘रावण अँड एडी’ तर आधी पटकथा होती, कादंबरी मागाहून झाली. सुरुवातच पाहा: माझगावची चाळ, वरून निसटलेलं तान्हं पोर, खाली उभा असलेला व्हिक्टर. पोर वाचतं, व्हिक्टर जातो. पुढे ‘ककोल्ड’ला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देव बेनेगल यांच्या ‘स्प्लिट वाइड ओपन’ या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली.

ते इंग्रजीकडे वळले म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ फिरवली. हा करंटेपणा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. जाहिरात आणि पडद्याच्या वाटेने कादंबरीकडे आलेल्या लेखकांवरचा हा अंक त्यांच्यापासूनच सुरू करतो आहोत.