फाटकाच्या आत टँकर आला, म्हणून कायदा बाहेर थांबत नाही

तळोजा, पाताळगंगा, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ अशा कुठल्याही रासायनिक पट्ट्याजवळ ज्यांची जमीन, गोडाऊन, ढाबा, बंद गाळा किंवा मोकळा प्लॉट आहे, त्या सर्वांना कळकळीची विनंती: ज्वलनशील किंवा विषारी माल भरलेल्या टँकरला रात्रीपुरती जागा देऊ नका. दिली असेल, तर आजच बंद करा.

जागा मागायला येणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. दोन गाड्या रात्री लागतील, सकाळी सहाला निघतील, तुम्हाला काय त्रास? भाडं रोख. आपल्याही मनात हिशेब तयार असतो: सातबारा माझ्या नावावर, भिंत माझी, फाटक माझं, मग आरटीओचा इथे संबंध काय? हा हिशेब निम्मा बरोबर आहे, आणि घात त्या निम्म्यानेच होतो.

बरोबर काय ते आधी सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या बऱ्याच तरतुदी ‘सार्वजनिक ठिकाणा’पुरत्या आहेत, आणि कायद्याने त्याची व्याख्या लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली जागा अशी केली आहे. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच फिरणाऱ्या वाहनांवर वाहनकर लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ठरवलं, ते याच व्याख्येच्या आधारावर. पण तो निकाल कराचा आहे. कंपाउंडच्या आत कुठलाच नियम लागत नाही, असा अर्थ त्यातून कुणी काढला तर तो त्याच्या जबाबदारीवर.

कारण आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अपघात विम्याच्या एका प्रकरणात, जुन्या १९३९ च्या कायद्याखाली, याच शब्दांचा अर्थ बराच रुंद केला होता. जागा खासगी मालकीची असली, तरी तिथे लोकांना प्रवेश असेल, मग तो मोकळा असो की कुणाच्या परवानगीने, तर ती सार्वजनिक जागाच. आता आपली जागा डोळ्यांसमोर आणा. ढाब्याचं आवार, वजनकाटा, लग्नाचा हॉल, वॉचमनच्या वहीत नाव लिहून आत सोडणारी सोसायटी. यातली कुठली जागा ‘खासगी’ म्हणून सुटेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

आणि समजा सुटली. तरी पुढचे कायदे वाहनाकडे नाही, मालाकडे बघतात. पेट्रोलियम कायदा १९३४ चा. त्यात हिशेब ‘एका ठिकाणी किती साठा’ असा आहे, ठिकाण कुणाच्या मालकीचं हा प्रश्नच नाही. पेट्रोल, विक्रीसाठी नसेल तर, परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत. डिझेल अडीच हजार लिटरपर्यंत, तेही एकेका भांड्याची क्षमता हजार लिटरच्या वर नको. सोसायट्यांच्या आणि हॉटेलांच्या जनरेटरला ९९० लिटरच्या टाक्या दिसतात, त्यामागे ही हजाराची मर्यादा आहे. घरगुती किंवा व्यापारी गॅसचं तसंच: परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत. म्हणजे १४.२ किलोचे सात सिलिंडर, किंवा १९ किलोचे पाच. मागच्या शेडमध्ये कुणी वीस सिलिंडर ‘दोन दिवसांसाठी’ ठेवले, तर तो साठा पहिल्या तासापासून बेकायदा आहे. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरण्याचं काम तर परवानगी असलेल्या भरणा केंद्राबाहेर कुठेच करता येत नाही, स्वतःच्या घरातही नाही.

टँकर उभा करण्याबद्दलही पेट्रोलियम नियम फक्त रस्त्यापुरतं बोलत नाहीत. भरलेली गाडी दाट वस्तीत किंवा आगीच्या जवळ उभी ठेवू नये, असं ते सांगतात. ढाब्याच्या तंदूरमागे लावलेली गाडी यातल्या दुसऱ्यात नक्कीच बसते.

कारखानदारांनाही दोन शब्द. टँकर गेटबाहेर पडला की वाहतूक सुरू झाली आणि जबाबदारी ट्रान्सपोर्टवाल्याची, ही समजूत सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे गाडी त्या मालाला योग्य आहे का हे पाहणं आणि मालाची पूर्ण, खरी माहिती ट्रान्सपोर्टवाल्याला देणं हे माल पाठवणाऱ्याचं काम आहे. हे सगळं गाडी भरताना, म्हणजे तुमच्याच आवारात व्हायचं असतं. आणि सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ मध्ये ‘हाताळणी’ या शब्दात साठवण, वापर, वाहनातून वाहतूक सगळं येतं. अपघात झाला, तर ते काम ज्याच्या ताब्यात होतं त्याची चूक सिद्ध न करताही बाधितांना भरपाई मागता येते.

सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे काय झालं, ते आठवा. टँकर कुणाला धडकला नव्हता, उलटला नव्हता. उभा होता. त्यातलं रसायन चोरून नाल्यात सोडलं जात होतं, आणि त्या वायूने शेजारच्या कापड गिरणीतल्या सहा कामगारांचा जीव गेला. भरलेली गाडी आडबाजूच्या, बिनदिव्याच्या जागेत रात्री का उभी करायची असते, याचं एक उत्तर हेही आहे. सील हलवून थोडा माल काढणं, नको असलेलं नाल्यात सोडणं, एका गाडीतून दुसरीत पाइपने ओतणं. ही कामं हमरस्त्यावर होत नाहीत, तुमच्या-माझ्या भिंतीआड होतात. ओतताना टँकरला अर्थिंगची तार लावलेली नसते, बल्ब साधा असतो, खाली प्लास्टिकची बादली असते. वाहत्या द्रवामुळे साठलेल्या विजेची एक ठिणगी पुरते.

आपल्या आवारात टँकर कामासाठी येतच असेल, तर पुढे जाऊन गाडी बघा. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर रसायनाचं नाव, संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक, वर्गाचं चौकोनी चिन्ह, आणि आपत्कालीन व माल पाठवणाऱ्याचा फोन नंबर लिहिलेला असलाच पाहिजे. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये त्या मालाची माहिती देणारं ट्रेम कार्ड हवं, आणि त्याच्याकडे असा माल नेण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. पाटी रंगाने पुसलेली असेल, तिच्यावर ताडपत्री टाकलेली असेल किंवा ड्रायव्हर ‘कागद मालकाकडे आहेत’ म्हणत असेल, तर फाटक उघडू नका. भांडणही करू नका. नंबर टिपून घ्या आणि ११२ ला कळवा.

गळती झालीच, तर मोटर, दिवा, पंखा कशालाही हात लावू नका. बंद असेल तर बंद, चालू असेल तर चालू राहू द्या. गाडी सुरू करून पळू नका. पायी, वाऱ्याला आडवं, उंचावर जा. स्वयंपाकाचा गॅस आणि क्लोरीन दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने विहीर, खड्डा, तळघर, गटार यांत साठतात. जयपूरजवळ भांकरोट्याला डिसेंबर २०२४ मध्ये टँकरमधून सुटलेल्या गॅसने पेट घेतला, तेव्हा ज्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता, अशा गाड्यांमधली माणसंही जळाली. गॅसगळतीसाठी १९०६, अग्निशमनासाठी १०१, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. हे तीन आणि ११२ वॉचमनच्या टेबलावर ठळक लिहून ठेवा.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी, ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीत रात्री कुठे टँकर लागतात, याची एकदा फेरी मारून नोंद करावी आणि ती तहसीलदार व पोलीस ठाण्याला लेखी द्यावी, पोच घेऊन. आणि ज्यांनी शब्द देऊन ठेवला आहे, त्यांनी गाडी फाटकाशी येण्याची वाट न बघता संध्याकाळीच फोन करून ‘जागा मिळणार नाही’ असं स्पष्ट सांगावं. आगाऊ भाडं घेतलं असेल, तर ते परत करून टाकावं.