पुस्तकांची पेटी हैदराबादला आणू या

मराठवाडा १९५६ साली हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, आपली माणसं इथेच राहिली. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा इथल्या घरांना इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आज आपण मियापूर, कोंडापूर, गच्चीबावलीपर्यंत पांगलो आहोत. कपाटं तिथेच आहेत, वाचणारी घरं लांब गेली. मुलं घरात मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक त्यांच्या हाताला लागतच नाही. ही पिढी सुटली, तर पुढच्या पिढीसाठी पुस्तकं मागायला कोण उरणार?

उपाय नव्याने शोधायची गरज नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. विनायक रानडे यांनी ते वाढवलं. देणगीतून पुस्तकांची पेटी भरायची, ती एखाद्या सोसायटीत ठेवायची आणि एकाने तिची जबाबदारी घ्यायची. शेजारपाजारच्यांनी वाचून झालं, की पेट्यांची अदलाबदल करायची. बस्स, एवढंच! ही पेटी दुबईपर्यंत पोहोचली. मग मियापूरला का नाही? मेट्रोची लाल मार्गिका तर इसामिया बाजाराजवळच्या कोठीहून थेट तिथेच जाते.

पैशाची वाटही आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरातल्या ग्रंथालयांना मदत करतं. स्वयंसेवी संस्थांच्या ग्रंथालयांसाठीही त्याच्या योजना आहेत. अर्ज मात्र नीट हवा: नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब, सभासदांची यादी. ही कामं आपल्यातल्या निवृत्त बँकवाल्यांना आणि सनदी लेखापालांना सहज जमतील. त्यांनी पुढे यावं.

शिवाय मालमत्ता करासोबत आपण रुपयामागे ८ पैसे ग्रंथालय उपकर भरतोच. पण महापालिकेकडे तो थकल्याच्या बातम्या वारंवार येतात. तो वेळेवर ग्रंथालयांकडे जावा, अशी लेखी मागणी आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे करू या. चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर बसून अभ्यास करतात. हा पैसा त्यांचाही आहे. तेलुगू, उर्दू वाचकांना सोबत घेतलं, तर मागणीला जोर येईल. तेलुगू बांधवांनी १९०१ मध्ये निजामाच्या राज्यात सुरू केलेलं भाषा निलयम हे ग्रंथालय याच सुलतान बाजारात आजवर जपलं आहे.

तेव्हा सुरुवात करू या. आपल्या सोसायटीत एक कपाट आणि एक जबाबदार माणूस शोधा. पाच घरांना तयार करा आणि येत्या रविवारी इसामिया बाजारात जाऊन संग्रहालयाच्या मंडळींना सांगा, आमच्याकडे पेटी ठेवायला जागा आहे.